चाळीस पाळणे आणि लाल तळाची अळंबी

एका राज्यात दीर्घकेतू नावाचा राजा होता. राज्याला सात वेशी होत्या, बारा बुरूज होते आणि एक नोंदकचेरी होती. राजाला वाटे, राज्य बुरुजांवर उभं आहे. कचेरीतल्यांना वाटे, नोंदवहीवर. दोघांचंही काही अडत नव्हतं.

कचेरीचे नोंदणीस होते नारोपंत. झाड, पाखरू, दगड, माणूस, जे असेल त्याची नोंद त्यांच्या हातून होई. तीस वर्षांत त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता, आणि तीस वर्षांत ते एकदाही वेशीबाहेर गेले नव्हते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणाला सुचलं नाही.

एका श्रावणात प्रधानजींनी रानातली अळंबी खाल्ली आणि तीन दिवस अंथरूण धरलं. राजानं छडा लावायला सांगितला. स्वार उत्तरेच्या डोंगरावर गेले आणि टोपलीभर अळंबी घेऊन आले. वाट सात दिवसांची. टोपली पंतांच्या मेजावर आली तोवर आतला माल वाळून खारकेसारखा झाला होता.

"ओली असताना कशी होती?" पंतांनी विचारलं.

"छत्रीखाली पापुद्रे नव्हते," स्वार म्हणाले. "चाळणीसारखी बारीक भोकं होती. भोकं लाल. कापलं की गर निळा पडे."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

पंतांनी लिहिलं: लाल तळ, निळा गर. एकच जात. विषारी. दिसताक्षणी जाळावी. खाली शिक्का उठवला आणि जेवायला गेले. पुढच्या पंधरवड्यात उत्तरेचा डोंगर पायथ्यापासून कमरेपर्यंत जळाला. हुकमाची तामील इतकी चोख क्वचितच होते.

त्या राज्यात अशी रीत होती की, राजधानीत जन्मलेल्या मुलांचं बारसं दर तिसऱ्या महिन्याला एकाच दिवशी राजवाड्यात व्हायचं. कचेरीला ते सोयीचं पडे. त्या खेपेला पौर्णिमेच्या दिवशी चाळीस पाळणे टांगले होते. एकात राजपुत्र होता. एकात साळूची लेक होती. साळू ही डोंगरात अळंबी वेचणारी बाई. रान जळाल्यावर नवऱ्याबरोबर राजधानीत येऊन दळणकांडण करू लागली होती. मुलांची नावं आदल्या दिवशीच वहीत चढली होती. मुलं कोणती, ते तेवढं पाहायचं राहिलं होतं.

इतक्यात दालनात डोंगरजोगीण आली. तिच्या जटांतून अजून धूर निघत होता. ती म्हणाली, "राजा, तुझ्या वहीत माझी लेकरं सगळी एकच झाली. तुमचीही होवोत. नुसतं बघून ओळखणाऱ्याला ती कधी ओळखू येणार नाहीत. माझ्या डोंगरावर कुणीतरी पाठव. तीन परीक्षा आहेत. अमावास्येचा सूर्य मावळायच्या आत उतरलात तर शाप फिटेल. नाहीतर जे एक झालं ते एकच राहील."

पाळणे गरगर फिरले आणि थांबले. चाळीस मुलांना एकच नाक, एकच जावळ, एकच रडणं. मुलगा की मुलगी, हेही कळेना. दोन सुइणींनी एकच बाळ पाहिलं आणि दोन उत्तरं दिली. दुपटी तर आधीपासूनच एकसारखी होती, कारण ती कचेरीनं पुरवली होती.

राजानं मसलत बोलावली. प्रधानजी म्हणाले, "चाळीसही राजपुत्र जाहीर करावेत." सेनापतींनी विचारलं, "मग मुजरा कोण करणार?" त्यावर मसलत संपली. सरमिसळ वाढू नये म्हणून दालनाला मोहोर लागली. दाया बोंडल्यानं दूध पाजू लागल्या. आयांना जाळीच्या खिडकीतून बघायची परवानगी मिळाली, हात लावायची नाही. त्या दिवसभर बघत राहिल्या. जितकं बघावं तितकी मुलं सारखीच दिसत.

साळू राजापुढे आली. "महाराज, मी जाते डोंगरावर."

"तुला काय येतं?"

"अळंबी ओळखता येते."

"लिहिता येतं?"

"नाही."

"मग तू ओळखलंस, हे आम्हाला कळणार कसं? पंत, तुम्ही सोबत जा."

असे ते दोघं निघाले. वाटेत दिवसातून तीनदा साळू झाडामागे थांबे आणि दाटून आलेलं दूध मातीत पिळून टाकी. पंत तेवढा वेळ पाठ करून उभे राहत. त्यांनी न नोंदवलेली ही पहिली गोष्ट.

सातव्या दिवशी डोंगर आला. खाली सगळा कोळसा, वर हिरव्या रानाची एक पट्टी उरलेली. पट्टीच्या कडेला वठलेल्या फांदीवर धनेश पक्षी बसला होता. एका चोचीवर दुसरी चोच ठेवल्यासारखं त्याचं तोंड.

"कोण?" धनेशानं विचारलं.

"राजधानीचा नोंदणीस," पंत म्हणाले.

"ज्यानं रान जाळलं तो?"

"मी फक्त लिहिलं."

"अस्सं. आम्हाला वाटलं होतं, वीज पडली. लेखणी पडली होती तर." आणि तो पुढे उडत वाट दाखवू लागला.

पट्टीच्या मधोमध एक सपाट खडक होता. त्यावर तीन अळंबी ठेवलेल्या, तिघींचा तळ लाल. पलीकडे जोगीण बसली होती. जोगीण म्हणाली, "पहिली परीक्षा. या तिघींत जालीम विष कोणात? जो चुकेल तो इथंच रुजेल."

साळू पुढे झुकली, पण पंतांनी तिला हातानं थोपवलं. विषय त्यांच्या खात्याचा होता. त्यांनी लेखणीचा चाकू काढला आणि तिन्ही उभ्या चिरल्या. पहिलीचा पिवळा गर पापणी लवायच्या आत काळानिळा झाला. दुसरीचा जरा वेळानं निळा पडला. तिसरी पांढुरकीच राहिली. नंतर कुठे तिच्यावर पाणी घातलेल्या दुधाची निळसर झाक आली.

"पहिली," पंत म्हणाले. "हात लावताच जी एवढी काळीनिळी पडते, ती विषारी नाही तर काय?"

बोलता बोलता त्यांचे पाय मातीला चिकटले. जोडे फाटले, पोटऱ्या फुगून देठासारख्या झाल्या, आणि डोक्यावरचं पागोटं मऊ, तपकिरी, मखमली होऊन चारी बाजूंनी खाली वळलं.

"बाई," पंत म्हणाले, "तुम्ही बोला."

साळूनं तिन्ही उलट्या केल्या, देठ निरखले, वास घेतला. "ही ठिपकी. देठावर लाल ठिपके, जाळं नाही. चिमटा काढला की बोंब मारते, पण मनात काही नसतं तिच्या. आम्ही तासभर उकळून, पाणी ओतून देऊन मग खातो. ही जाळवाली. देठावर लांबट जाळं बघा. अन् गर जिथं भोकांना भेटतो तिथं तांबडी रेघ. ही कच्ची खाल्ली की पोट धरून बसायचं. तुमच्या प्रधानजींनी हीच खाल्ली असणार, घाईची माणसं. अन् ही चुनामाथी. डोकं चुन्यासारखं, पाय मडक्यासारखा, जून झाली की मेल्या उंदराचा वास. कापली तरी फारशी बोलत नाही. विष हिच्यात."

"बरोबर," जोगीण म्हणाली.

पंत गुडघ्यापर्यंत रुजले होते, पण हात मोकळे होते. त्यांनी टिपणवही काढली. "म्हणजे जी उशिरा निळी पडते ती विषारी. लिहून घेतो."

"नका लिहू, पंत. दोन दिवस ऊन पडलं की ठिपकीसुद्धा उशिरा पडते. एका खुणेवर कुणाला फासावर देऊ नये. अळंबीलाही नाही."

पंतांनी लेखणी थांबवली. थांबवलेली लेखणी हातात कशी धरतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती कानावर ठेवली.

जोगिणीनं आता खडकावर सात अळंबी मांडल्या. पहिली सुपारीएवढी, तळ पिवळा. दुसरीचा नारिंगी. तिसरीचा लालभडक. चौथी पावसानं धुऊन फिकी झालेली. पाचवी गोगलगाईंनी कुरतडलेली. सहावी जून, मळकट, खाली बसलेली. सातवी वाळून खारीक झालेली.

"दुसरी परीक्षा. यात जाती किती?"

साळूनं एकेक उचलून पाहिली. "सहा जणी तर एकीच्याच. जाळवाली. तळ लहानपणी पिवळाच असतो, लाली वयानं येते. देठावरचं जाळं मात्र जन्मापासून मरेपर्यंत." मग तिनं सातवी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. रानात कुणी अळंबी वाळेपर्यंत ठेवत नाही. अशी तिनं कधी पाहिलीच नव्हती.

धनेशानं फांदीवर पाय बदलला. साळू इथं चुकली तर तीही रुजणार होती, आणि तिकडे एक पाळणा कायमचा चाळिसांत हरवणार होता.

"ती माझ्याकडे द्या," पंत म्हणाले.

तीस वर्षं त्यांनी मेलेल्या गोष्टीच पाहिल्या होत्या. मेलेलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यांनी बोट ओलं करून देठावर फिरवलं, सुरकुत्या हलक्या हातानं ताणल्या, डोळ्यांजवळ धरलं. "जाळं आहे. पुसट, लांबट, पण आहे. सातही एकच जात."

"बरोबर."

पण पंत थांबले नाहीत. "माझ्या मेजावर जी टोपली आली होती, तिच्यात काहींच्या देठावर असं जाळं होतं. काहींच्या देठावर ठिपके होते." त्यांनी ती वाळकी अळंबी खडकावर सांभाळून ठेवली. "मला दिसले होते. पण रकाना एकच होता."

मग पंतांच्या पायांखालची माती सैल झाली आणि ते मोकळे झाले. पागोटं तेवढं तसंच राहिलं.

"तिसरी परीक्षा?" साळूनं विचारलं.

"ती इथं नाही, तुमच्या राजवाड्यात आहे." जोगीण उठली. "बाई, रानात अळंबी दिसली की तू आधी काय बघतेस?"

"झाड. कोणत्या झाडाच्या आश्रयानं उगवली ते."

"मग जा."

अमावास्येच्या दिवशी दुपारी ते राजधानीत पोचले. दालनाची मोहोर तुटली. "ओळख," राजा म्हणाला.

साळू पाळण्यांच्या रांगेतून चालत गेली. चाळीस नाकं, चाळीस जावळं. टोकापर्यंत गेली, परत आली. काही नाही. मग तिच्या ध्यानात आलं की, इतका वेळ ती नुसतं बघत होती.

"महाराज, मुलं खाली घोंगड्यांवर घ्या. अन् आयांना आत सोडा."

प्रधानजी ओरडले, "हात लागले तर सगळी सरमिसळ होईल!"

"झालेलीच आहे, प्रधानजी," पंत म्हणाले. "आता ती बिघडायची भीती नाही."

चाळीस आया गोल बसल्या. साळू म्हणाली, "आपण मुलं ओळखायची नाहीत. मांडीवर घ्यायचं, गप बसायचं, थोडं थांबायचं. नाही काही झालं तर शेजारणीकडे द्यायचं. ती कुणाच्या आश्रयानं उगवली, ते त्यांचं त्यांना ठाऊक आहे."

मुलं हातोहात फिरू लागली. साळूच्या मांडीवर पहिलं आलं, रडलं, पुढे गेलं. दुसरं गेलं. सहावं गेलं. सातवं अजून शेजारणीच्या हातात होतं, तोच त्याचं रडणं मधेच मोडलं. साळूनं त्याला उराशी घेतलं आणि गालाला बोट लावलं. बोट टेकलं तिथून, चिरलेल्या गरावर निळाई पसरावी तसा, एक चेहरा पसरत गेला. चपटं नाक आलं. कपाळावर आठी आली, ती साळूच्या नवऱ्याची. वरच्या ओठावर दूध चोखून आलेला फोड आला, आणि लेक बोंडल्याच्या पंधरा दिवसांचा राग काढत दुधाला लागली.

मग इकडे एक, तिकडे एक, दालनभर चेहरे उमलत गेले. सूर्य कलला तोवर एकोणचाळीस झाले.

उरलं एक. ते राणीच्या मांडीवर होतं आणि रडत होतं. राणीनं त्याला जन्मल्यावर एकदाच हातात घेतलं होतं. मग राजवाड्यातल्या दाया होत्याच.

"हे तेच कशावरून?" प्रधानजी पुटपुटले. "काही रंग दिसत नाही."

पंतांचा हात सवयीनं कानावरच्या लेखणीकडे गेला. तिथपर्यंत जाऊन खाली आला.

"थांबायचं, बाईसाहेब," साळू म्हणाली. "उशीर म्हणजे नाही, असं नसतं."

राणी थांबली. पैठणी भिजली, ती उठली नाही. पाय बधिर झाले, तिनं मांडी बदलली नाही. ऊन खिडकीच्या जाळीवरून भिंतीवर, भिंतीवरून छताला गेलं. रडून दमलेल्या बाळानं शेवटी राणीचं बोट मुठीत धरलं आणि ते तिच्याकडे बघत राहिलं. फार वेळानं त्याच्या गालावर रंग आला. फिकट होता, पण आला. मग कान उमटले. ते हुबेहूब राजाचे होते, सुपासारखे. त्याबद्दल दरबारात कुणी काही बोललं नाही. तेवढ्यात सूर्य मावळला आणि शाप फिटला.

दुसऱ्या दिवशी पंतांनी जुन्या नोंदीवर काट मारली. साळूनं सांगितलं, त्यांनी लिहिलं: ठिपकी, जाळवाली, चुनामाथी. एकेकीला एकेक पान. नंतर त्यांनी एक पान कोरं सोडलं.

"हे रिकामं का?" राजानं विचारलं.

"महाराज, डोंगराचा अजून बराच भाग पाहायचा आहे."

उत्तरेच्या डोंगरावर आग न्यायची नाही, असा हुकूम निघाला. तिसऱ्या पावसाळ्यात कोळशातून पहिले लाल तळ वर आले. पंत ते पाहायला स्वतः गेले. पागोटं त्यांच्या डोक्यावर अखेरपर्यंत तसंच होतं. कुणी थट्टेनं टिचकी मारली की ते निळं पडे, आणि पंत म्हणत, "काळजी नको. ठिपकी आहे."

राहिलं बारसं. एकोणचाळीस नावं पुन्हा वहीत चढली. चाळिसाव्याला राजानं विचारलं, "बाई, तुझ्या लेकीचं नाव काय लिहायचं?"

साळूनं लेकीला खांद्यावर घेतलं. "अजून दहा-बारा दिवस तिला बघते, महाराज. मग सांगते."

पंतांनी रकाना रिकामा सोडला. राजा राज्य करू लागला, जोगीण रान राखू लागली, धनेश पहाऱ्याला बसला. वरून दिसली तेवढी गोष्ट सांगून झाली. तळ ज्यानं त्यानं उलटून पाहावा.