मिठाने खाल्लेला रंग

फार पूर्वी, खाडीकाठच्या एका गावात एक मुलगी राहायची. बोलायची थोडं, बघायची फार. तिचा बाप मिठागरात मीठ पिकवायचा. खाडीपलीकडे राजाची पाठशाळा होती. मुलीला तिथे जायचं होतं, बाकी काही नको होतं.

एके दिवशी राजाचे एक पंडित नावेतून आले. त्यांनी गावातली मुलं ओळीत बसवली.

"माझ्या कसोटीत हुशार कोण, मठ्ठ कोण ते लगेच कळतं. हुशार तेवढेच उद्या भरती आली की नावेत बसतील."

मग एकेकाला विचारू लागले, "झुंबर छताला असतं की जमिनीवर? बुद्धिबळाच्या पटावरचा उंट सरळ चालतो की तिरका?"

मिठागरात कुठलं झुंबर आणि कुठला पट! मुलांनी अंदाजाने तोंडाला येईल ते ठोकून दिलं. पंडितांनी हुशारांच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला, मठ्ठांच्या मनगटाला निळा. मुलीला निळा आला, तिच्या मैत्रिणीला पिवळा.

"हिला पाठशाळा कशाला? खडकावर पेरून उगवतं का?" पंडित हसले. बापाने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मुलीने पाहिली आणि तिचे कान तापले.

संध्याकाळी मुलं रोजच्यासारखी खाऱ्या वाफ्यांत उतरली. सकाळी पाहतात तर सगळे दोरे पांढरेफटक!

"रंग कोणी घालवला?" पंडित ओरडले.

"मिठाने, पंडितजी. ते कोणालाच सोडत नाही," एक म्हातारा म्हणाला.

"हरकत नाही. पुन्हा विचारतो, नवे प्रश्न. राजवाड्यातल्या मुलांना कितीदा विचारलं, दर वेळी तेच हुशार आणि तेच मठ्ठ!"

पण इथे मुलांनी पुन्हा अंदाजच ठोकले आणि सगळं उलटंपालटं झालं. आज मुलीला पिवळा आला, मैत्रिणीला निळा. मैत्रीण रडू लागली.

"काल लबाडी केलीस ना?" पंडित तिच्यावर खेकसले.

नाव समोर होती. मुलीने फक्त पाय उचलायचा अवकाश होता. तिने दोरा तोडून चिखलात फेकला.

"लबाडी तिची नाही! काल मी मठ्ठ, आज हुशार. एका रात्रीत माझं डोकं बदललं का? उद्या विचारलंत तर तिसरंच निघेल. आमची पारख करता, आधी कसोटीची करा!"

एकामागून एक सगळ्या मुलांनी दोरे तोडले. नाव रिकामी परतली.

राजाने विचारलं, "मुलं कुठे आहेत?"

"महाराज, त्यांच्यातच खोट आहे. कसोटी तर पारखलेली आहे."

"कोणावर पारखलीत?"

"आपल्याच राजवाड्यातल्या..." पंडित अडखळले.

"मग ती राजवाड्यापुरती," राजा कडाडला. "नाव परत न्या. येईल त्या प्रत्येकाला बसवा. वल्ही तुम्ही मारा!"

मुलं नावेत चढली. घामाघूम पंडित मुलीकडे पाहून गोड हसले, "ये बाळ, तू हुशारच आहेस."

"ते तुम्हाला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली आणि मैत्रिणीशेजारी जाऊन बसली.

तात्पर्य: एका घरात खरी ठरलेली कसोटी दुसऱ्या घरातही खरी ठरेल असं नाही; ज्यांची परीक्षा घ्यायची, त्यांच्यावर ती आधी पारखून पाहावी आणि मगच कोणाला मठ्ठ म्हणावं.