फणसपोळीची राखण

कुर्डेकोंड नावाचं डोंगरउतारावरचं एक गाव. तिथल्या सोमेश्वराच्या देवळात महाराज उतरले ते कायमचे. गाभाऱ्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या पडवीतच बसणं, पडवीतच झोपणं, म्हणून लोक त्यांना पडवीकर महाराज म्हणू लागले. कुणी विचारलं की महाराज म्हणत, "देवाला आत सोबत पुष्कळ आहे. बाहेरून येणाऱ्याला कुणी नको का?" हे वाक्य, श्रोतेहो, ध्यानात असू द्या. पुढे लागेल.

त्या गावची एक जुनी रीत होती. वैशाखी पौर्णिमेच्या उत्सवात गुरव पायरीवर उभा राहून एकेका घराला हाक मारी. "तळ्यावरचं घर!" "वडाकडचं घर!" ज्याचं घर तो म्हणे, "आहे!" आणि आपला वाटा पुढे आणी. वाटा म्हणजे घरी केलेला, गावच्या तीसही उंबऱ्यांना घासघास पुरेल असा जिन्नस. विकतचा चालत नसे.

गावाच्या टोकाला टेकाडावर द्वारकाकाकूंचं घर. एका पटकीच्या साथीत आठ दिवसांत नवरा गेला, मुलगा गेला, आणि काकू मागे राहिल्या. टेकाडावर वाट जात नाही, त्यामुळे माणूसही जात नाही. कधीकधी चार-चार दिवस काकूंचं स्वतःशीसुद्धा बोलणं होत नसे. वर्षातून एकदा गुरव "टेकाडावरचं घर!" म्हणून ओरडे, तेवढीच त्या घराला हाक. त्या हाकेसाठी बाई वर्ष काढीत असे. हसू नका. ज्याला रोज चार हाका येतात त्याला हे कळायचं नाही.

दोन वर्षं काकूंनी मूठभर तांदूळच नेले होते. यंदा उत्सवाला पंधरा दिवस उरले तेव्हा गावचे खोत सखोपंत देवळात सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, मूठभर तांदळाला वाटा म्हणत नाहीत. आणि खरं सांगायचं तर एकटीचं ते बिऱ्हाड. घर म्हणायला माणसं लागतात. यंदा नीट वाटा आला नाही तर नाव गाळू."

काकू खाली मान घालून म्हणाल्या, "बरं भावजी." दुसरं काय म्हणणार?

लोक पांगल्यावर त्या पडवीच्या खांबाशी उभ्या राहिल्या. महाराज म्हणाले, "द्वारके, दारात काय आहे तुझ्या?"

"फणस आहे महाराज. चाळीस-पन्नास लागलेत. खाणारी मी एकटी. निम्मे पडून कुजतात. आणि तोही बरका, गिळगिळीत. कापा असता तर कुणी मागून तरी नेला असता."

"मग पोळी घाल. पोळीला बरकाच लागतो. कापा काय कामाचा तिथे?"

"पोळीला राखण लागते. उन्हात तीन-चार दिवस कुणी बसायला हवं, नाहीतर कावळे ठेवतात होय? मी एकटी काय काय करू?"

"राखणीला हाक मार."

"कुणाला मारू महाराज? ओ द्यायला आहे कोण?"

"मारून तर बघ," महाराज म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

ही गोष्ट खोतांच्या कानावर गेलीच. ते हसून म्हणाले, "बरका आमच्याकडे गुरं खातात. आता देवाला घाला!" आणि चार जण हसले. खोत हसले की हसणारे चार जण प्रत्येक गावात असतात.

काकूंनी मात्र पदर खोचला. हाताला तेल लावून फणस फोडले, गरे काढले, आठळ्या बाजूला केल्या, रस चाळणीतून घासून घासून काढला, गूळ घातला. ताटं पुरेनात म्हणून सुपांवर केळीची पानं अंथरली. तेलाचा हात फिरवून रस पातळ पसरला आणि उत्सवाच्या चार दिवस आधी सगळं अंगणात मांडलं. आणि नेमकी तेव्हाच हुडहुडी भरली. ताप असा चढला की काकू ओटीवर आडव्या झाल्या त्या उठेनातच. पडल्या पडल्या त्यांना दिसलं, कौलांवर कावळे जमलेत. एक खाली उतरलासुद्धा.

काकूंना रडू आलं. पोळीचं नव्हे हो, पोळी काय, गेली तर गेली. ओरडावंसं वाटत होतं आणि नाव घ्यायला एक माणूस आठवत नव्हतं, त्याचं रडू आलं. शेवटी त्या कशाबशा म्हणाल्या, "अहो, कुणी आहे का?"

"हं," असा आवाज आला.

अंगणात ताटांजवळ एक म्हातारा पाठमोरा बसला होता. उघडा, हातात काठी. "हुश, हुश," करून तो कावळे हाकत होता. दुपारी त्याने पोळ्या हलक्या हाताने उलटल्या. संध्याकाळी ताटं-सुपं ओटीवर आणून ठेवली आणि सकाळी पुन्हा मांडली. काकू म्हणाल्या, "बाबा, ऊन फार आहे, सावलीत या." तो "हं" म्हणाला आणि तिथेच बसून राहिला.

मग काकू तापात बोलत सुटल्या. मुलगा पहिल्यांदा चालला तेव्हा याच अंगणात पडला होता, ते सांगितलं. नवऱ्याने हे झाड लावलं तेव्हा आपण बरका म्हणून भांडलो होतो, ते सांगितलं. शेवटच्या दिवशी मुलाने पाणी मागितलं आणि आणेपर्यंत उशीर झाला, हे तर त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तेही सांगितलं. प्रत्येक गोष्टीला म्हातारा "हं" म्हणे. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी उजाडता ताप उतरला होता, पोळ्या खडखडीत वाळल्या होत्या आणि अंगणात कुणी नव्हतं.

आता इकडचं ऐका. तेच तीन दिवस सखोपंत खोत देवळाच्या पडवीत महाराजांना पोथी वाचून दाखवत होते. महाराज त्यांच्यासमोरून हलले नव्हते. पण त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. सारखा हात हलवीत. खोतांनी विचारलं, "काय हाकता महाराज?" तर म्हणाले, "कावळे." पडवीत एक चिमणी नव्हती. पोथीत लढाई ऐन रंगात यायची, आणि महाराज भलत्याच ठिकाणी डोळ्यांत पाणी आणून "हं" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी उपरणं घसरलं तेव्हा खोतांना दिसलं, महाराजांची पाठ उन्हाने सोलून निघावी तशी लाल झाली होती. दिवसभर सावलीत बसलेल्या माणसाची! खोतांनी बाहेर येऊन सांगितलं, "महाराजांचं आता वय झालं."

पौर्णिमेला गुरव हाका मारू लागला. एकोणतीस घरं झाली. खोत म्हणाले, "पुढचं राहू दे." तेवढ्यात काकू टोपली घेऊन धापा टाकत पायऱ्या चढताना दिसल्या. टोपलीत सोनेरी पोळीच्या वड्या, तीस उंबऱ्यांना पुरून उरतील इतक्या.

खोतांनी वडी उचलून पाहिली. "वहिनी, तीन दिवस तुम्ही तापाने पडून होतात. पाण्यालाही खाली उतरला नाहीत, आणि चेहराच सांगतोय. मग ही राखली कुणी? विकतची आणलीत ना?"

"नाही भावजी. एक बाबा येऊन बसले होते. तोंड दिसलं नाही. दिवसभर कावळे हाकत होते. मी सावलीत या म्हटलं तर नुसतं हं म्हणाले. पाठ भाजून निघाली हो त्यांची. इतकं बोलले मी त्यांच्याशी, आणि जाताना पाणीसुद्धा विचारलं नाही."

खोतांच्या हातातली वडी तशीच राहिली. त्यांनी पडवीकडे पाहिलं. वैशाखाच्या काहिलीत महाराज पाठीवर उपरणं घट्ट ओढून बसले होते आणि बोटांना चिकटलेला फणसाचा चीक तेलाने सोडवीत होते.

"महाराज..." म्हणत खोत पुढे सरकले.

महाराज म्हणाले, "पंत, तुमचं वाचन चांगलं होतं. पण मला एका वेळी दोन कथा ऐकायच्या होत्या, आणि दुसरी सांगणारीला दुसरा श्रोता नव्हता."

खोतांनी पागोटं काढलं आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नको. कुणाचं घर घर नाही म्हणालात?"

सखोपंत वळले आणि भर देवळात द्वारकाकाकूंपुढे पायरीवर त्यांनी डोकं टेकलं. गुरवाने ते पाहिलं, घसा साफ केला आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशी हाक घातली, "टेकाडावरचं घर!"

काकूंनी तोंड उघडलं, पण वर्षभर जपलेला तो एक शब्द काही केल्या फुटेना. तेव्हा पायरीवरून, डोकं वर न उचलताच, खोत म्हणाले, "आहे."

महाराजांनी टोपलीतली पहिली वडी उचलून खोतांच्या हातावर ठेवली. बरक्याची ती वडी चघळताना खोतांना डोळे पुसायचंही सुचलं नाही.