कुर्लीचे उपप्रश्न

खाडीला माणसांनी अजून नावही ठेवलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथे प्राण्यांची सभा भरे. सभासद उंच खडकावर बसत आणि उत्तर देणाऱ्याने खाली वाळूत उभं राहायचं. विचारणाऱ्याचं समाधान झाल्याशिवाय त्याला हलता येत नसे.

त्या दिवशी बगळा उभा होता. ने-आण करणं आणि बुडत्याला वाचवणं, दोन्ही खाती त्याच्याकडे. हाताखाली कासवांचा ताफा.

"गेल्या उधाणात उंदरांची पिल्लं बुडाली, तेव्हा कासवं कुठे होती?" त्याच्या पायाशी चिखलात बसलेल्या कुर्लीने विचारलं. ही खेकडीण भलती चिवट.

"कासवं सदैव सज्ज असतात. हाक मारली की हजर!"

सभासदांनी माना डोलावल्या. कुर्लीचा डोळा मात्र चढत्या भरतीवर होता. तिने उपप्रश्नांची माळच लावली. कासवं खातात काय? झोपतात कधी? बगळा खुशीत येऊन सांगत राहिला. पाणी पोटाला लागलं तसे त्याने पंख उघडले, तर पाय कुर्लीच्या नांगीत!

"समाधान नाही झालं, साहेब. मारा की हाक."

बगळ्याने घसा फोडला. एकही कासव फिरकलं नाही. पाणी मानेला टेकलं तेव्हा तो किंचाळला, "कशी येतील? सगळी माझ्या मेहुण्याच्या वरातीला जुंपलीत!"

"आणि गेल्या उधाणात?"

"तेव्हा थोरल्या मेहुण्याची वरात होती!"

"झालं समाधान," म्हणत कुर्लीने नांगी सोडली.

तेव्हापासून बगळा पाण्यात उभा राहिला की एक पाय वर घेतो. बघणाऱ्यांना वाटतं, तप करतोय.