दोन टोकांची रापण

एका राज्यात, जिथं खाडी समुद्राला मिळते तिथं, विजयकेतू नावाचा राजा होता. शूर होता, दानी होता, पण मेला मत्सरी होता. खाडीपलीकडे राणी उदयमतीचं राज्य. तिच्या वाड्यावर एक कळस चढला की याच्या वाड्यावर दोन चढायचे. तिच्या आंब्याला मोहोर जास्त आला की याला अन्न गोड लागेना.

एके दिवशी एका मायावीनं उदयमतीला जादूचा माग दिला. त्यावर अक्षयवस्त्र विणलं जाई. ते भिजत नसे, फाटत नसे, कुजत नसे. विजयकेतूच्या पोटात दुखलं. त्यानं मायावीला गाठून दोन माग मिळवले. हे ऐकून राणीनं आणखी दोन आणले. मग काय! दोन्ही तीरांवरचे लोक त्या वस्त्रात मीठ बांधत, मासळी बांधत, आणि काम झालं की खाडीत भिरकावत. सात वर्षांत समुद्राचा तळ दिसेनासा झाला.

आठव्या वर्षी राजकन्या हेमांगीची पावलं काचेसारखी आरपार दिसू लागली. दुसऱ्या दिवशी गुडघे तसेच झाले. राजवैद्यानं हात टेकले. तेव्हा गच्चीच्या कठड्यावर एक म्हातारा पाणकावळा येऊन बसला, पंख वाळत घालत म्हणाला, "राजा, जे कुजत नाही ते मासळीतून तुझ्या लेकीच्या अंगात उतरलंय. काळजापर्यंत पोचलं की ती गेली. तीन कामं कर. पहिलं, दोन्ही तीरांचे माग एकाच दिवशी मोडा."

"मी मोडेन. पण ती मोडेल कशावरून?"

राजानं एक माग चव्हाट्यावर मोडला, दुसरा कोठारात लपवला. पलीकडे राणीनंही एक मोडून बाकीचे लपवले. हेमांगी कमरेपर्यंत आरपार झाली. "बाबा, दोन्ही मोडलेत ना?" तिनं विचारलं. राजानं तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

पाणकावळा संतापला. "तूही लबाड, तीही लबाड! आता दुसरं काम. तिचे माग तू मोड, तुझा ती मोडेल."

राजा नाक मुरडत पलीकडे गेला. लपवलेल्या मागांच्या खोलीत राणीचा मुलगा निजला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आरपार होते.

"राणीसाहेब, हे कधीपासून?"

"महिना झाला. आपण हसाल म्हणून बोलले नाही."

राजानं माग मोडले. पण खरं सांगायचं तर त्या क्षणीही त्याला हेवा वाटला. त्या पोराचे फक्त हातच गेले होते! बापाच्या मनाला लाज नसते.

राणीनंही अलीकडे येऊन राजाचा माग मोडला. तिसरं काम समुद्रातलं वस्त्र उपसण्याचं. खाडीच्या तोंडाशी कुणाच्याच मालकीची नसलेली पुळण, म्हणजे वाळूची पट्टी होती. तिथं रापण लागली. रापण म्हणजे समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांब जाळं. त्याची दोन टोकं दोन टोळ्यांनी किनाऱ्यावरून सारख्या चालीनं ओढायची. एका टोकाला राजा लागला, दुसऱ्याला राणी. दोन्ही लेकरं वाळूवर निजवली होती.

आपलं टोक आधी लागावं म्हणून राजानं जीव खाऊन ओढलं. जाळं तिरपं झालं, सगळी घाण निसटून परत समुद्रात गेली. दुसऱ्या खेपेला राणीनं तेच केलं.

रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, ओरडला, "महाराज, जोर कोणाला दाखवताय? पलीकडची दोरी बघा!"

तिसऱ्या खेपेला हेमांगीची छाती आरपार दिसू लागली. काळजाभोवती चार बोटं जागा उरली होती. राजा पुढं होता. पलीकडे राणीचे तळवे सोलून निघाले होते, तिची दोरी सुटत होती. एका ओढीत राजाचं टोक किनाऱ्याला लागलं असतं.

राजा थांबला. वाळूत टाचा रोवून दोरी धरून उभा राहिला. लेक संपत होती आणि तो शत्रूच्या दोरीकडे बघत उभा होता.

"राणीसाहेब, सावकाश. तुमच्या चालीनं येतो."

जाळं सरळ आलं. सात वर्षांचं अक्षयवस्त्र डोंगराएवढं पुळणीवर पडलं, मागांबरोबर त्याची माया सरली होती, त्याला ऊन लागलं आणि वाळक्या पानासारखा त्याचा चुरा झाला. समुद्र निवळला. लेकरांच्या अंगात रक्त उतरलं. हेमांगी उठून वाळूत चालू लागली, राणीच्या मुलानं आईचे सोललेले तळवे हातात धरले. तेव्हापासून दरवर्षी दोन्ही तीरांचे लोक त्या पुळणीवर एकच रापण ओढतात.

त्या दिवशी तांडेलानं हसत विचारलं, "महाराज, आधी कोण बरं झालं? तुमची लेक की त्यांचा मुलगा?"

राजाला सांगता येईना. तो बघायलाच विसरला होता.