आतल्या कडेनं झिजलेला टायर

“…पण आकडे सगळे बरोबर होते, उस्ताद. मग टायर आतून का झिजला?”

विलास नांदवडेकरनं तिसऱ्यांदा तेच विचारलं. फुटलेला टायर त्यानं गडहिंग्लजहून आजऱ्यापर्यंत आणून उस्तादांच्या अंगणात टाकला होता.

दस्तगीर उस्ताद बाजेवर बसून होते. चाळीस वर्षं त्यांनी जीपगाड्या दुरुस्त केल्या. वेल्डिंगनं डोळे अधू झाले, आता समोरचं सगळं धूसर दिसे. विलास त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. स्वतःचं गॅरेज टाकायला निघाला तेव्हा त्यांच्या तोंडावर सांगून गेला होता, की दोरी लावून, हातानं चाचपून चाकं सरळ करायचे दिवस संपले.

त्यानं कॉम्प्युटरवालं अलाइनमेंटचं मशीन बसवलं. चाक वाकडं असलं की पडद्यावर आकडा लाल, सरळ झालं की हिरवा. डोंगरातल्या फोर-व्हील गाड्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या, लांबलांबून त्याच्याकडे येऊ लागल्या.

लुमा गावडेची जीपही त्यातलीच. वरच्या वाड्यांवरची माणसं दवाखान्यात न्यायची तर त्या चिखलाच्या चढणीला दुसरी गाडी चढत नसे.

दोन महिन्यांमागं लुमाचं पुढचं चाक धोंड्यावर आपटलं. विलासनं चाकं जुळवून दिली. पंधरा दिवसांनी लुमा पुन्हा आला, काहीतरी तक्रार घेऊन. विलासनं गाडी परत मशीनवर घेतली, हिरवा पडदा दाखवला, मशीन खोटं बोलत नाही म्हणाला आणि त्याची बोळवण केली.

गेल्या सोमवारी भर दुपारी घाट उतरताना पुढचा डावा टायर फुटला. डावीकडे दरी होती. लुमानं सगळा जीव एकवटून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं आणि गाडी स्वतःच्या बाजूनं कातळावर घातली.

आतली आठही माणसं वाचली. लुमा राहिला नाही.

विलासला कुणी बोल लावला नाही. लोक रस्त्याला शिव्या देत होते. तो भेटायला गेला तेव्हा लुमाच्या बायकोनं त्याला चहा करून दिला. गाडी तुमच्याकडून तपासून आणलेली, म्हणून मी निर्धास्त होते, म्हणाली. तो चहा त्यानं कसाबसा संपवला. त्या दिवसापासून गॅरेजचं शटर बंद होतं.

उस्ताद बाजेवरून उतरले आणि टायरजवळ मांडी घालून बसले. चाचपडत त्यांनी विलासचा हात धरला आणि टायरच्या नक्षीवर ठेवला. आतून बाहेर फिरवला…

गुळगुळीत.

मग बाहेरून आत ओढला. करवतीवरून ओढावा तसा तळवा चरचरला.

विलासनं हात काढून घेतला नाही.

“मशीनवर घेतली तेव्हा गाडीत माणसं किती होती?”

“रिकामी होती.”

“चालत होती?”

“नाही… उभी होती.”

विलासला पुढचं सांगायची गरज नव्हती. धोंड्यावरच्या त्या धक्क्यानं स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा ढिला झाला असणार. रिकाम्या, उभ्या गाडीत तो गप्प राहतो. माणसं भरून गाडी उताराला लागली की चाक बाहेर फाकतं, आणि टायर दर मैलाला आतल्या कडेनं खरवडत जातो, नक्षीला अशी एका बाजूनं करवतीची धार येते. बाहेरून तो नवाच दिसतो. आतली कड बघायची तर जमिनीवर आडवं पडावं लागतं. विलासला हे येत होतं. अकरा वर्षं त्यानं हेच केलं होतं, याच अंगणात.

“आकडे काय होते?” उस्तादांनी विचारलं.

विलासनं ते घडाघडा सांगितले. डाव्या चाकाचे, उजव्या चाकाचे, पहिल्या खेपेचे, दुसऱ्या खेपेचे, दशांशासकट. एकही चुकला नाही.

“आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा लुमा काय म्हणाला?”

विलासनं तोंड उघडलं…

लुमा दारात उभा होता, हे त्याला दिसत होतं. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. ओठ हलत होते. पण शब्द… गाडी डावीकडे ओढते म्हणाला होता? उतारावर थरथरते म्हणाला होता? की माणसं भरल्यावर काही होतं म्हणाला होता? काहीच आठवेना. त्या वेळी आपण पडद्याकडे बघत होतो, एवढंच आठवत होतं.

अंगणातली उन्हं भिंतीवर चढली. उस्तादांनी त्याला पाणी दिलं नाही, की पाठीवर हात ठेवला नाही.

शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, की मी कामचुकारपणा केला असता, तर स्वतःला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

“पण मी जीव तोडून काम केलं, उस्ताद. दोन्ही वेळा.”

उस्तादांनी टायर चाचपून उभा केला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

“फोर-व्हील गाडीत वाकडं चाकही जीव तोडूनच ओढतं, विलास.”