बोथट न होणारी कुऱ्हाड

जिथे गाडीरस्ता संपतो आणि डोंगराची पायवाट सुरू होते, तिथे एक गाव होतं. त्या गावात केरबा नावाचा एक बुरूड राहायचा. तो रानातून कळकाचे बांबू तोडून आणायचा आणि त्याची बायको ठकू त्यांची सुपं, टोपल्या, डालगी विणायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. पण एक सोलतोय, एक विणतेय आणि बोलणं असं चाललंय, की वाटेनं जाणाऱ्याला वाटावं, यांच्याकडे पाहुणे आलेत.

मग एका वर्षी भाताला लोंब्या धरल्या असताना ठकू तापानं गेली.

गावानं केरबाला एकटं टाकलं नाही. शेजारची कुंभारीण रोज भाकरी झाकून आणायची आणि म्हणायची, "भावजी, दोन घास खा. ठकूवहिनी असती तर तिनं तुम्हाला असं उपाशी ठेवलं असतं का?" पारावरचे लोक हाक मारायचे. जो येई तो ठकूचं नाव काढी. माणसं मायेनंच बोलत होती, पण केरबाला ते सोसत नव्हतं. जिथं दुखतंय तिथंच सगळे बोट ठेवतात, असं त्याला वाटायचं. तो आतून कडी लावून बसू लागला. कुंभारीण भाकरी उंबऱ्यावर ठेवून जायची आणि संध्याकाळी ती तशीच परत न्यायची.

शेवटी त्यानं ठरवलं, गाव सोडायचं. वरच्या रानात कळकाच्या बेटाजवळ एक कपार होती, तिच्याशेजारी बारमाही झरा होता. तिथं राहायचं आणि पुन्हा खाली यायचं नाही.

रानात राहायचं तर हाताशी कुऱ्हाड आणि सुरी हवी. घरातली हत्यारं ठकूच्याही हातातली होती. त्यांना तो शिवला नाही.

दिवाळीनंतर दरवर्षीप्रमाणे फिरत्या लोहारांची, घिसाड्यांची, पालं गावाच्या शिवेवर पडली. त्यातल्या एका पालात धुरपता नावाची घिसाडीण होती. नवरा सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचा आणि धुरपता दोन्ही हातांनी घण उचलून घाव घालायची. केरबा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"एक लहान कुऱ्हाड पाहिजे. एका हातानं चालवता येईल अशी. आणि एक सुरी."

"घरच्या कामाला, का रानातल्या?"

"रानातल्या. तिथंच राहणार आहे."

धुरपतानं घण खाली ठेवला आणि गोणपाटावर दोन जोड मांडले. पहिल्या जोडीतली कुऱ्हाड नि सुरी चांदीसारखी चकाकत होती. दुसरी जोडी राखाडी, ओबडधोबड, जुन्या घडणीची. तिच्यात अंग साध्या लोखंडाचं होतं आणि धारेपुरतीच पोलादाची पट्टी बसवलेली.

केरबानं चकाकती कुऱ्हाड उचलली. अंगठ्याच्या नखावर नुसती टेकवली, तर नखाचा पापुद्रा निघाला.

"हिचं सगळं अंग पोलादाचं," धुरपता म्हणाली. "तापवून पाणीही कडक दिलंय. धार लवकर जाणार नाही. पण एक ऐकून ठेव, दादा. ही वाकायचं जाणत नाही. गाठीवर तिरपी बसली तर तुटेल. आणि तुटली तर कुठला दगड हिला धार लावणार नाही."

"आणि ही दुसरी?"

"ही बोथट होणार. रोज संध्याकाळी ओढ्याच्या दगडावर घासावी लागेल. एखाद वेळी धार दुमडेल, ती ठोकून सरळ करता येईल. पट्टी झिजली की वर्षा-दोन वर्षांनी माझ्याकडं आणायची, मी नवी बसवून देईन. माझ्या सासऱ्यानं घडवलेल्या अशा कुऱ्हाडी अजून माणसं घेऊन येतात."

"मला दरवर्षी खाली यायचं नाही," केरबा म्हणाला.

धुरपतानं त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. "कुऱ्हाड घेताना ती कापते किती, हे सगळेच बघतात," ती म्हणाली. "बोथट झाल्यावर तिचं काय करायचं, ते कुणी विचारत नाही. घरी कोण आहे तुझ्या?"

"कुणी नाही. म्हणूनच जातोय."

केरबानं बरोबर आणलेल्या टोपल्या तिच्यापुढे ठेवल्या, चकाकता जोड उचलला आणि डोंगराची वाट धरली.

सुरुवातीला सगळं त्याच्या मनासारखं झालं. कुऱ्हाड लोण्यातून जावी तशी फांद्यांतून जायची. त्यानं कपारीच्या तोंडाशी कुडाची भिंत घातली, वर गवत शाकारलं, सुरीनं कळकाची भांडी, पळ्या, झऱ्याचं पाणी आणायला पन्हळ केली. धार जराही उतरली नाही. केरबा मनात म्हणायचा, बरं झालं, कुणाचा आधार लागत नाही.

पण काम संपलं की दिवस संपत नसे. संध्याकाळी कड्याच्या टोकाशी गेलं की खाली गावातल्या चुलींचा धूर दिसायचा. कोणता धूर कुणाच्या घरचा, हे त्याला ओळखता यायचं. स्वतःच्या घरावर काहीच दिसायचं नाही. तो लगेच मागे वळायचा आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथं जायचा.

खालच्या पायवाटेनं एक धनगर मेंढरं घेऊन जायचा. घंटांचा आवाज आला की केरबा कपारीत शिरायचा आणि आवाज विरेपर्यंत बाहेर यायचा नाही. असे कितीतरी दिवस त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. एकदा घरून आणलेलं मडकं हातातून निसटलं, तेव्हा "अगं, धर" असं त्याच्या तोंडून निघून गेलं. आवाज घोगरा होता, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा असा. तो दचकून मागे वळला. मागं कुणी नव्हतं. मडक्याचे तुकडे गोळा करायला तो वाकला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

पौषात थंडी कडक पडली. हलक्या लाकडांचा जाळ लवकर विझायचा. जवळच खैराचं एक वाळलेलं झाड उभं होतं. खैराचा निखारा रात्रभर राहतो, म्हणून केरबानं कुऱ्हाड घेतली. दोन-चार घाव बरे बसले. पुढचा घाव मात्र गाठीवर, जरासा तिरपा बसला. काचेचं भांडं फुटावं तसा आवाज झाला. धारेचा चंद्रकोरीसारखा तुकडा उडाला आणि केरबाच्या नडगीत घुसला.

तो तुकडा पायातून उपसायला त्यानं सुरीचं टोक घातलं. तुकडा निघाला, पण तेवढ्या ताणानं सुरीचं टोकही मोडलं. पायातून रक्ताची धार लागली. धोतराची पट्टी फाडून त्यानं जखम बांधली आणि सरपटत झऱ्यापाशी जाऊन कुऱ्हाड दगडावर घासायला घेतली. पातं दगडावरून नुसतं निसटत होतं. हात सोलवटले, दगड झिजला, पण त्या तुटक्या कडेला धार काही आली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. पाय सुजून लाल झाला, अंगात ताप भरला. जमवलेली लाकडं संपली आणि नवी तोडायला हातात काही नव्हतं. विस्तव विझला. केरबा कुडाला टेकून पडला होता. कुणाला ऐकू जाणार नाही अशी जागा आपण किती हुशारीनं निवडली, हे त्याला आता कळत होतं.

तेवढ्यात खालून मेंढरांच्या घंटा वाजल्या.

सवयीनं तो आत सरकला. मग थांबला. हाक मारली तर लोक येतील. लोक आले की पुन्हा तेच बोलणं निघेल, ठकू असती तर, ठकू म्हणायची. नाही मारली तर कुणी काही बोलणार नाही, कधीच नाही. घंटा हळूहळू पुढे चालल्या होत्या.

केरबानं तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. तो पन्हळीचं ओंजळभर पाणी प्यायला आणि त्यानं पुन्हा जोर लावला. "अहो... कुणी आहे का? वर या. मी पडलोय."

घंटा थांबल्या. थोड्या वेळानं घोंगडी पांघरलेला तो धनगर दगडांवरून चढत वर आला. केरबाचा पाय पाहून तो खालीच बसला.

"रोज इथला धूर बघत होतो मी," तो म्हणाला. "वाटलं, कुणी साधू तपाला बसलाय. माणसं नको म्हणून वर आलेल्याला हाक कशी मारायची? म्हणून गुमान जायचो. परवापासून धूर दिसंना, तेव्हा जीव खालीवर व्हायला लागला होता."

त्यानं कमरेची लहान कुऱ्हाड काढली आणि दोन कळक तोडले. ती कुऱ्हाड घासून घासून तळहाताएवढीच उरली होती. केरबाची नजर तिच्यावर गेलेली पाहून धनगर म्हणाला, "बापाची आहे. रोज बोथटते, रोज घासतो." कळकांना घोंगडी बांधून त्यानं झोळी केली. कपारीत पडलेली तुटकी कुऱ्हाड नि सुरीही तिच्यात टाकली. मग मागच्या वाटेनं येणाऱ्या आपल्या भावाला हाळी दिली. दोघांनी केरबाला उतरवून गावात आणलं.

कुंभारणीनं त्याला आपल्या ओसरीवर घेतलं. वैद्यानं जखम धुतली, लेप लावला. ताप उतरायला बरेच दिवस गेले. एकदा भाकरी कुस्करून देताना कुंभारीण सवयीनं बोलून गेली, "ठकूवहिनी असती तर..." आणि जीभ चावून गप्प झाली.

"बोला," केरबा म्हणाला. "ती असती तर काय केलं असतं?"

"तुम्हाला चांगलं फैलावर घेतलं असतं, भावजी."

केरबा हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. ठकू गेल्यापासून तो रडलाच नव्हता. कुंभारीण हातातली वाटी खाली न ठेवता शेजारी बसून राहिली.

पाय टेकता येऊ लागल्यावर तो काठी घेऊन शेजारच्या गावी गेला. घिसाड्यांची पालं आता तिथं होती. त्यानं तुटके तुकडे धुरपतापुढे ठेवले. तिनं ते उलटेपालटे करून पाहिले.

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "ती तुला द्यायला नको होती. वाटलं, दुःखात असलेल्या माणसाशी वाद कशाला घाला."

"तू सांगितलं होतंस, ताई. मीच ऐकलं नाही. आता याचं काही होईल का?"

"होईल. भट्टीत घालून आधी मऊ करावं लागेल. मग यातूनच धारेची पट्टी काढून साध्या लोखंडाला बसवीन, पाणी बेतानं देईन. पण ही बोथट होईल हो. घासावी लागेल."

"घासतो," केरबा म्हणाला.

तो परत आपल्या घरी राहू लागला. घर रिकामंच होतं आणि ते रिकामंच राहिलं. सकाळी तो रानात जायचा, पण दिवस मावळायच्या आत कळकाचा भारा घेऊन उतरायचा. संध्याकाळी उंबऱ्याशी बसून, दगडावर पाणी शिंपडून कुऱ्हाड आणि सुरी घासायचा. तो आवाज ऐकून एक दिवस कुंभारीण आपली विळी घेऊन आली. मग कुणी कोयता आणला, कुणी खुरपं. धार लागेपर्यंत माणसं बसून राहायची, आणि बसलेली माणसं काही ना काही बोलायचीच.

एकदा नव्यानं लग्न होऊन आलेली एक सून विळा घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "बाबा, तुमच्या घरात कोण कोण असतं?"

केरबाचा हात दगडावर थांबला.

"मी एकटाच," तो म्हणाला. मग दगडावर थोडं पाणी शिंपडलं आणि विळा पुन्हा घासायला घेतला. "बायको होती माझी. ठकू तिचं नाव. बस, सांगतो. तुझ्या विळ्याला अजून वेळ आहे."

तात्पर्य इतकंच: कधी बोथटच होणार नाही असं पातं शोधू नये, पुन्हा धार लावता येईल असं घ्यावं. दुःख एकट्यानं आवळून धरलं म्हणून माणूस कणखर होत नाही, ठिसूळ होतो.