मधला खांब

सन १५११, ऑक्टोबर अखेर. मळ्यांतली द्राक्षं उतरून झाली होती.

"पण उस्ताद, मी वीट कधी लावायची?" नेल्लोने विचारलं.

नेल्लो शहरात नकाशे काढायला शिकून आला होता. इटलीतल्या त्या डोंगरी गावात उस्ताद गेरार्दो चर्चचा घुमट बांधत होते.

घुमटाच्या बरोबर मध्ये एक उंच लाकडी खांब होता. वर फळी. फळीवर नेल्लो. दोरीचं एक टोक त्याच्या मुठीत, दुसरं गवंड्यांकडे. ताणलेली दोरी जिथे पोचेल तिथेच वीट बसायची.

गवंडी कडेला गात, भांडत, पाव वाटून खात. मध्ये नेल्लो एकटा.

"काय रे कोळ्या," मासेओ गवंडी ओरडायचा, "आली का माशी जाळ्यात?"

नेल्लो उस्तादांना म्हणाला, "दोरी तर खिळाही धरील."



दुसऱ्या दिवशी नेल्लोने दोरी खिळ्याला बांधली आणि गवंड्यांत जाऊन बसला. त्यांनी पाव दिला. मासेओने थापी दिली. नेल्लोने विटा लावल्या. इतका तो कित्येक महिन्यांत हसला नव्हता.

संध्याकाळी थर जुळेना. शेवटची वीट पहिलीपासून चार बोटं आत. फळीवरचं नेल्लोचं ओझं गेल्यावर खांब दोरीच्या ओढीने कलला होता.

"पाडा," उस्ताद म्हणाले.

मासेओने थापी आपटली. "सबंध दिवस मातीत! या शहाण्यापायी?"

"देणं त्याचं आहे. तोच फेडील."

सकाळी नेल्लो गाठोडं बांधूनच आला. आता हाकलणार, हे त्याने गृहीत धरलं होतं.

म्हातारे उस्ताद खांबावर चढत होते. फळीवर बसले. दोरी मुठीत धरली.

"लाव विटा."

गवंडी हात बांधून बघत बसले. नेल्लो एकटा विटा लावत होता. दर विटेला दोरी ताणायची, दर विटेला मध्ये बघायचं. तिथे उस्ताद. वारा बोचरा होता.

"उस्ताद, खाली या. घासभर खा."

"वीट."

दिवस कलताना थर जुळला. उस्ताद उतरले. मूठ उघडत नव्हती. नेल्लोने एकेक बोट सोडवून दोरी काढून घेतली.

"उस्ताद… तिथे फार एकटं वाटतं."

"हो."

मग त्यांनीच विचारलं, "आज माझ्याकडे किती वेळा पाहिलंस?"

"दर विटेला."

उस्ताद हात चोळत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा नेल्लो फळीवर होता. खांबाच्या पायथ्याशी गाठोडं सोडलेलं.

"कोळ्या, ताण दोरी!" मासेओ ओरडला.

नेल्लोने ताणली.

उस्तादांनी मान वर करून पाहिलं.

"देणं फिटलं."